एक रेघ, सही आणि तारीख

औषध कंपनीच्या लॉगबुकमध्ये व्हाइटनर चालत नाही, पेन्सिल चालत नाही आणि ‘नंतर भरतो’ तर अजिबातच चालत नाही. रोज हे नियम राबवता राबवता ते घरापर्यंत येऊन पोहोचले, त्याची ही गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ, साडेपाचचा सुमार. तुम्ही काय करत असता? वीकएंडचं प्लॅनिंग वगैरे ठीक आहे, पण त्याच्या आधी? बरोब्बर... टाइमशीट! सोमवारी सकाळी दहा ते साडेअकरा आपण नक्की काय दिवे लावले होते हे शुक्रवारी आठवायचं. आठवत नाहीच. मग ‘क्लायंट को-ऑर्डिनेशन, दीड तास’. मंगळवारी? तेच, फक्त दोन तास. बुधवारी थोडी व्हरायटी हवी म्हणून ‘रिसर्च’. बेरीज चाळीस तासांची झाली की सबमिट, लॅपटॉप बंद, चलो!

यात कुणाला काही गैर वाटत नाही. बॉसलाही नाही, कारण त्याने स्वतःची टाइमशीट त्याच्या आदल्या दिवशी तशीच भरलेली असते. माझ्या धंद्यात मात्र याच गोष्टीमुळे कंपनीला टाळं लागू शकतं.

मी औषध कंपनीत क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये काम करते. तारापूर एमआयडीसीत, म्हणजे बोईसरला. राहते माहीमला. हे सांगितलं की मुंबईच्या मैत्रिणींचे डोळे लकाकतात, “वॉव, शिवाजी पार्कच्या बाजूला?” नाही गं बाई. पालघरचं माहीम. केळवे-माहीम म्हणतात त्यातलं. पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळात, या अख्ख्या तालुक्याचं नावच माहीम होतं. आज पत्ता सांगताना आधी मुंबईचं माहीम खोडावं लागतं, मग आमचं लिहावं लागतं. असो. सकाळी शेअर रिक्षाने पालघर, तिथून कंपनीची बस आणि मग दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले कागद वाचायचे. माझ्या कामाचं याहून ग्लॅमरस वर्णन शक्य नाही.

पण हे कागद वाचता वाचता शिस्त, प्रामाणिकपणा, स्वतःची ओळख या शब्दांचं जे काही माझ्या डोक्यात झालं, ते एकाही सेल्फ-हेल्प पुस्तकाने झालं नव्हतं. (आणि मी ती बरीच वाचली आहेत. पालघर स्टेशनवर गाडीची वाट बघायला पुष्कळ वेळ मिळतो.)

‘त्याच वेळी’ म्हणजे त्याच वेळी

औषध कंपनीत प्रत्येक गोष्टीची नोंद असते. कोणत्या ड्रममधून किती किलो घेतलं, कोणी वजन केलं, कोणी बघितलं, मशीन कधी धुतलं, खोलीचं तापमान किती होतं. या नोंदी कशा असाव्यात याचं एक सूत्र जगभर चालतं, त्याला ‘अल्कोआ’ म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफडीएमधल्या स्टॅन वूलन यांनी ते पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनवलं. साध्या मराठीत सांगायचं तर नोंद कोणी केली ते कळायला हवं, ती वाचता यायला हवी, काम करतानाच लिहिलेली हवी, मूळ हवी आणि अचूक हवी.

नव्याने जॉइन झालेल्या मुलांना पाचही पाठ होतात. अडतं ते तिसऱ्यावर. काम करतानाच. चहानंतर नाही, शिफ्ट संपताना नाही. आधी चिठोऱ्यावर लिहून मग छान अक्षरात उतरवणं? तेही नाही. जे पहिल्यांदा जिथे लिहिलं तीच नोंद. आणि चुकलं तर? खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, कारण, सही, तारीख.

मुलं पहिल्या आठवड्यात वैतागतात. “मॅडम, एवढं काय त्यात? आकडा तर बरोबरच आहे ना!”

मग मी त्यांना १९८६ सांगते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा दिसलं की ते ग्लिसरीन रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत जिथे जिथे ‘थांबा, हे तपासलं का?’ म्हणायला हवं होतं, तिथे तिथे सह्या होत गेल्या. मुलं म्हणतात, ते जुनं झालं. मग २०२५ सांगते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलं गेली. तपासात सापडलं तेच रसायन. जवळजवळ ४० वर्षांनी!

आणि नुसत्या कागदांची गोष्ट हवी असेल तर २०१३. रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतल्या कंपनीने तिथे गुन्हा कबूल केला आणि सगळं मिळून ५० कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. त्या प्रकरणात खोट्या चाचणी-नोंदींचा मोठा वाटा होता. त्या नोंदींचं बिंग फोडणारे दिनेश ठाकूर त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. हे सांगितल्यावर वर्गात शांतता होते. कोणीतरी हळूच खिशातलं चिठोरं चुरगाळतं, तेही मला दिसतं.

जास्त सुंदर पान

खोटं पान ओळखायचं कसं? मला वाटायचं त्यासाठी काहीतरी डिटेक्टिव्ह टाइप डोकं लागत असेल. तसं काही नाही. खोटं पान सुंदर असतं.

खरं लॉगबुक म्हणजे धमाल प्रकार असतो. सोमवारी निळं पेन, मंगळवारी दुसऱ्याचं अक्षर, बुधवारी घाईत तिरकं, कुठे ग्लोव्हजचा ओला ठसा, कुठे एक रेघ मारून दुरुस्ती. महिनाभराचं पान एका बैठकीत भरलेलं असेल तर एकच शाई, एकच कल, पेनाचा दाब एकसारखा, आणि आकडे कसे तर ४.५, ४.५, ४.६, ४.५. एकही खाडाखोड नाही. माणूस ३० दिवस एकदाही चुकला नाही, असं पान दिसलं की मुरलेला ऑडिटर खुर्ची पुढे ओढून बसतो.

हे कळल्यापासून मी लोकांचे प्रोफाइल वेगळ्या नजरेने वाचायला लागले. ‘पहाटे पाच वाजता उठतो, मेडिटेशन, दहा किलोमीटर रनिंग, जर्नलिंग, नऊच्या आत तीन महत्त्वाची कामं.’ सलग २०० दिवस. एकही दिवस सर्दी नाही, भांडण नाही, पाहुणे नाहीत? मला त्यात नुसती एकच शाई दिसते. असेलही खरं कोणाचं, मी कोण नाही म्हणणारी! पण फोनमधल्या हॅबिट अ‍ॅपची साखळी तुटू नये म्हणून रात्री ११.५८ ला ‘वॉक – झाला’ वर टिक करणारे किमान चार जण माझ्या ओळखीचे आहेत. अ‍ॅपला काय कळतंय!

रात्री दोनचा रिकामा चौकोन

आता मुख्य प्रसंग. त्या आठवड्यात मी फर्स्ट शिफ्टला होते. सकाळी पावणेसातला कोल्ड रूमपाशी पोहोचले तर नाइट शिफ्टची आवराआवर चालली होती. कोल्ड रूमचं तापमान दोन ते आठ अंशांमध्ये असावं लागतं आणि रात्री १२, २, ४ आणि ६ वाजता तिथल्या ऑपरेटरने स्वतः बघून ते लिहायचं असतं. पानावर १२ ची नोंद होती, ४ ची होती, ६ ची होती. २ चा चौकोन रिकामा.

त्या रात्रीचा ऑपरेटर म्हणजे आमचे दादा. वय पन्नाशीच्या आसपास. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. शिफ्टचा इन्चार्ज, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने सांगत होता, “अहो दादा, भरा ना. बाराला चार पॉइंट पाच आहे, चारला चार पॉइंट सहा आहे. मधलं काय असणार? कोल्ड रूम काय गोव्याला जाऊन आली का?”

लॉजिक एकदम पक्कं होतं. मशीनमध्ये आपोआप नोंद घेणारा लॉगरही असतो, त्याच्यात २ वाजताचं तापमान असणारच होतं. म्हणजे खोटा लिहिलेला आकडा बहुतेक खराच निघाला असता! मी तिथे उभी आहे हे दोघांनाही दिसत होतं. इन्चार्जने माझ्याकडे बघून मान तिरकी केली, म्हणजे ‘मॅडम, तुम्ही जरा दोन मिनिटं पलीकडे जाऊन या ना’.

मी गेले नाही, पण काही बोललेही नाही. कारण बोलायच्या आत दादांनी पेन काढलं होतं. त्या चौकोनात एक रेघ मारली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं : ‘०२.०० ची नोंद घेतली नाही. ड्रायर सेक्शनला होतो.’ सही. तारीख. वेळ ०६.५२. पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, “चला, बस सुटेल.”

नंतर एकदा कँटीनमध्ये मी त्यांना विचारलं, दादा, का लिहिलंत तसं? मला वाटलं काहीतरी भारी, मनाला भिडणारं ऐकायला मिळेल. दादा भाताचा घास घेत म्हणाले, “तिथे नव्हतोच ना मी. मग काय लिहिणार?” आणि थोड्या वेळाने, “शिवाय मॅडम, एक माणूस रात्री दोन सेक्शनला पुरत नाही हे कधीतरी कागदावर यायलाच पायजे होतं.”

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. कारण चार पॉइंट पाच लिहिलं असतं तर तापमान खरं ठरलं असतं, पण दादा ड्रायरला होते ही गोष्ट त्या आकड्याखाली कायमची गाडली गेली असती. रिकाम्या चौकोनाने ती वर आणली.

पुढचं तितकं गोड नाही. नियमाप्रमाणे ‘डेव्हिएशन’ उघडलं. तपासणी माझ्याकडे आली. लॉगरचा आलेख काढला, माल सुरक्षित होता. आता कारण लिहायचं. तिथे एक फार सोयीचा पर्याय असतो : ‘ह्युमन एरर’. तो निवडला की संबंधिताला पुन्हा ट्रेनिंग, एक सही, फाइल बंद, सगळे खूश. वरून सूचनाही तशीच आली, “कशाला वाढवतेस, ह्युमन एरर टाक.” मी ड्युटीचे तक्ते काढले. त्या महिन्यात नऊ रात्री एकच माणूस दोन सेक्शन बघत होता. कारणाच्या रकान्यात मी तेच लिहिलं आणि तक्ते जोडले. दोनदा परत आलं. दोनदा तसंच पाठवलं. माझ्या अप्रेझलच्या बरोबर आधीचा महिना होता तो, टायमिंग बघा!

कारण शेवटी तसंच राहिलं. तीन महिन्यांनी रात्रीसाठी दुसरा माणूस मिळाला. पण दादांना लेखी समज मिळायची ती मिळालीच, आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला तो गेलाच. बसमध्ये काही दिवस पोरं त्यांना ‘हरिश्चंद्र’ म्हणत होती. वर्षअखेरीच्या ऑडिटमध्ये मात्र बाहेरून आलेल्या ऑडिटरने तेच पान उघडून ‘गुड प्रॅक्टिस’ म्हणून शाबासकी दिली. कोणाला? आमच्या डिपार्टमेंटला. टाळ्या वाजल्या तेव्हा दादा नाइट करून घरी झोपले होते.

व्हॅल्यूज, व्हॅल्यूज म्हणून आपण ट्रेनिंगमध्ये पोस्टर लावतो ना, त्यावर हा हिशेब कधीच नसतो. प्रामाणिकपणाचं बिल बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगार असलेल्याच्या नावावर फाटतं.

रागाची वेळ ११.४०

त्या सुमारास मी एक छोटी वही घेतली. डायरी मी पूर्वीही लिहायची, झोपताना, अंथरुणात बसून. जुन्या डायऱ्या काढून वाचल्या तर लक्षात आलं, ही बाई प्रत्येक पानावर बिचारी आणि समंजस आहे. रात्रीपर्यंत आपल्या आतला वकील पूर्ण तयारीत असतो हो! म्हणून म्हटलं, कामावरचाच नियम लावून बघू. घडतंय तेव्हाच लिहायचं, एका ओळीत, वेळ टाकून. नंतर सुधारायचं नाही.

पहिल्या आठवड्यातल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते. ‘११.४०. राग आला. मेलमध्ये माझं नाव सगळ्यात शेवटी.’ ‘१.१५. राग गेला. सुरमई होती.’

बस्स! हीच घटना रात्री लिहिली असती तर ‘ऑफिसमधल्या पॉलिटिक्समुळे मानसिक थकवा’ या नावाने दीड पान झालं असतं, आणि मला ते खरंही वाटलं असतं. वेळेवर लिहिल्यामुळे कळलं की माझ्या मोठमोठ्या वैचारिक दुःखांपैकी बरीचशी जेवणाच्या आधीच्या तासातली आहेत. एका मैत्रिणीने हाच प्रयोग केला. तिच्या वहीत ‘आईचा फोन. मीटिंगमध्ये आहे सांगितलं’ ही नोंद दोन आठवड्यांत सहा वेळा आली. ती एवढंच म्हणाली, “आकडा बघितला आणि फोन लावला.” त्यापुढे मी विचारलं नाही.

हे काही नवं फॅड नाही. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन १८ व्या शतकात तेरा गुणांचा तक्ता करून एकेक आठवडा एकेका गुणाकडे लक्ष द्यायचे आणि चुकलं की काळा ठिपका मारायचे. तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार. त्यांना सगळ्यात जड कोणता गुण गेला माहितेय? टापटीप! वस्तू जागच्या जागी ठेवणं! हे वाचून माझ्या टेबलाला फार बरं वाटलं.

फक्त एक सावधगिरी. ही वही कोणाला दाखवायची नाही, फोटो काढून टाकायची तर मुळीच नाही. बघणारा आला की अक्षर सुधारतं. ऑडिटच्या दिवशी आमच्याकडे नव्या स्लिपर निघतात, कुंड्या निघतात, कँटीनला श्रीखंड असतं. वहीचं तसं व्हायला वेळ लागत नाही.

कारणाचा रकाना

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? एक रेघ मारणं. २०२१ मध्ये मी डायरीत ठळक लिहिलं होतं : ‘दोन वर्षांत अंधेरी.’ म्हणजे तिकडची नोकरी, शेअरिंगमध्ये फ्लॅट, वगैरे. २०२४ मध्ये ठरवलं की नाही जायचं. साधारणपणे अशा वेळी आपण काय करतो? जुनं पान विसरून जातो आणि ‘मला तर पहिल्यापासून गावच आवडायचं’ असं लोकांना सांगत सुटतो. पूर्ण व्हाइटनर! मी नियमाप्रमाणे गेले. अंधेरीवर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला ‘माहीम’. मग कारण.

पहिल्यांदा लिहिलं, ‘घरची जबाबदारी’. छान दिसत होतं, पण आई-बाबा धडधाकट आहेत आणि मी असण्याने त्यांचीच कामं वाढतात. त्यावर रेघ. मग ‘गावाशी असलेलं नातं’. ते वाचून मलाच हसू आलं, रेघ. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं : ‘अंधेरीच्या पगारात अंधेरीत राहता येत नाही. इथे नऊ तास काम करून सातला घरी असते. आणि नाइटचा दुसरा माणूस मी आणला, याचा आनंद अजून गेलेला नाही.’ सही केली, तारीख टाकली. तीनही कारणं आजही वाचता येतात.

बाबांना या सगळ्याची गंमत वाटते. आमची पानवेलीची छोटी वाडी आहे. वेलीला पाणी कधी दिलं, खत कधी टाकलं, पानं कधी खुडली, किती गेली, हे ते वर्षानुवर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत आलेत. वाडीतून आल्या आल्या, पाय धुवायच्याही आधी. पानांच्या जुडीच्या बाबतीतही त्यांचं ठरलेलं आहे, जी पानं वर दिसतात तसलीच आत. मी त्यांना म्हटलं, “बाबा, तुमचं सगळं नियमात बसतं, फक्त पेन्सिल चालत नाही.” ते म्हणाले, “मग आण पेन.”

आणलं. यंदाच्या जूनमध्ये एका चौकोनात त्यांनी ‘पाऊस’ लिहिलंय. त्यावर एक आडवी रेघ. शेजारी ‘नुसता शिडकावा’. आणि खाली बँकेच्या चेकवर करतात तशी लांबलचक, पूर्ण नावाची सही, जी त्या चौकोनातून बाहेर पडून पुढच्या दोन दिवसांवर गेली आहे. आता तिथे काही लिहायला जागाच राहिली नाही म्हणून ते माझ्यावर चिडले आहेत.